आजोळच्या वाड्यात तपकिरीची चांदीची डबी निघाली, आत राणीचं डोकं आणि तळाला फारसी अक्षरं, खरंच निजामानं दिलेली असेल का?

उदगीरचा_भाचा

नमस्कार मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे पण पूर्ण वाचा ही विनंती. उदगीरजवळ आमचं आजोळ, तिथला जुना वाडा सध्या उतरवायलेत, माळवद पूर्ण खचलं होतं म्हणून. देवघराशेजारच्या फडताळात कागदांचं एक गाठोडं निघालं आणि त्यात ही डबी. तपकिरीचीच आहे ह्यात शंका नाही, कारण कोपऱ्यात पूड अजून चिकटलेली आहे आणि उघडली की वास येतो.

काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, चांदीची, हातात घेतली की वजन कळतं. झाकणावर किल्ल्यासारखी इमारत उठावात काढलीय, बुरूज, खिडक्या, पुढं झाडं, आणि चारी कडांनी पानाफुलांची वेलबुट्टी. आतून पिवळी आहे, सोन्याचं पाणी दिल्यासारखी. झाकणाच्या आतल्या बाजूला लई बारीक ठसे आहेत, भिंगातून पाहिले तर एक चालणारा सिंह, एक जहाजाचा नांगर, एक इंग्रजी अक्षर आणि एका बाईचं डोकं. बाजूला अजून दोन अक्षरं होती वाटतं पण घासून गेलीत. तळाला बाहेरून दोन ओळी फारसी नाहीतर उर्दूत कोरल्यात, त्यातला फक्त आकडा आम्हाला लागला, १३०२.

आजी सांगते की तिचे आजेसासरे हैदराबादला दरबारात गेले होते आणि खुद्द निजामसरकारानं आपल्या हातानं डबी दिली. मोठे मामा म्हणायलेत की आत व्हिक्टोरिया राणीचं डोकं आहे म्हणजे डबी राणीकडून निजामाला आली आणि तिथून आपल्या घरात. मामी चिंच लावून चकाचक करायच्या तयारीत आहे. मावसभावानं फोटो कुणाला तरी पाठवला तर तो माणूस लगेच गाडी घेऊन यायला तयार झाला, रोख देतो म्हणाला, आता घरात त्यावरूनच बोलणं चाललंय. कुणाला ह्यातलं कळत असेल तर सांगा, राजघराण्याचा संबंध असा नुसत्या ठशावरून धरता येतो का?

सराफ_जालना

आमचा धंदा चांदीचा आहे, जुनी विलायती चांदी मोडीत यायची तेव्हापासून हे ठसे बघत आलोय, म्हणून तेवढ्यापुरतं ठामपणे सांगतो.

ते डोकं राणीचंच आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. इंग्लंडमध्ये १७८४ पासून १८९० पर्यंत चांदीच्या वस्तूवर सरकारी कर होता आणि कर भरला की त्या वेळी जो गादीवर असेल त्याच्या डोक्याचा ठसा मारायचे. म्हणजे ती कराची पावती आहे, दुकानात विकल्या जाणाऱ्या साध्या चमच्यावर पण तेच डोकं असायचं. बाईचं डोकं आहे म्हणजे व्हिक्टोरिया, म्हणजे डबी साधारण १८३८ ते १८९० ह्या काळात घडलेली. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग. नांगर हे बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीचं चिन्ह, ती कचेरी १७७३ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी शेफील्डची पण झाली आणि शेफील्डला चिन्ह मिळालं मुकुटाचं. तो मुकुट बघून पण कितीतरी लोक राजवाड्यातली वस्तू समजून बसतात, तर तसं नसतं. इंग्रजी अक्षर म्हणजे वर्ष. दरवर्षी अक्षर बदलायचं आणि अक्षरं संपली की पुन्हा ए पासून, पण अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार बदलून, त्यामुळं ह्या दोन गोष्टींचा नीट फोटो टाकला तर नेमकं वर्ष काढता येईल. घासलेली दोन अक्षरं कारागिराची असणार.

झाकणावर किल्ला किंवा मोठा वाडा ही त्या काळातली बर्मिंगहॅमची ठरलेली फॅशन होती. विंडसरचा किल्ला, ॲबट्सफर्ड असल्या इमारती उठावात काढायचे, आगगाड्या सुरू झाल्यावर लोक फिरायला जायला लागले आणि आठवण म्हणून असली डबी घ्यायला लागले. नॅथॅनियल मिल्स हा त्यातला नावाजलेला कारागीर, त्याचा ठसा एन एम असा असतो, तर घासलेल्या जागेवर तिरपा उजेड टाकून ती दोन अक्षरं लागतात का बघा.

दोन गोष्टी तपासून सांगा. झाकण उघडल्यावर आत दुसरी जाळीची झडप आहे का? असली तर ती तपकिरीची नाही, अत्तरी सिरक्यात भिजवलेला स्पंज ठेवून हुंगायची डबी असते, त्या पण ह्याच घाटाच्या यायच्या. आणि झाकणावर आहेत तसे ठसे खालच्या भागावर पण आहेत का? दोन्हीकडचं अक्षर जुळलं पाहिजे, नाहीतर एकाचं झाकण दुसऱ्याला बसवलेलं असू शकतं.

उदगीरचा_भाचा

लई उपकार दादा. जाळी नाही, आत नुसता मोकळा कप्पा आहे. खालच्या भागात पण ठसे सापडले, सिंह आणि तेच अक्षर, वळण सेम टू सेम. बिजागरी तर कुठून सुरू होते तेच कळत नाही, बोट फिरवलं तरी लागत नाही इतकी सपाट बसवलीय.

सराफ_जालना

मग उत्तम काम आहे. तपकिरीच्या डबीची परीक्षा बिजागरीवरच होते, हवा शिरली की तपकीर सादळते, म्हणून जोड असा मुरवायचे की केस शिरणार नाही. आतलं सोन्याचं पाणी पण शोभेसाठी नाही, तपकिरीत ओल आणि क्षार असतात, नुसत्या चांदीला ते खातात. म्हणून सांगतो, आतून काहीही घासू नका, तो थर अगदी पातळ असतो.

परभणीचे_गुरुजी

राजेलोकांचा आणि तपकिरीच्या डबीचा संबंध मात्र फार जुना आहे, त्याबद्दल लिहितो कारण त्याशिवाय तुमच्या घरातल्या गोष्टीचं वजन कळणार नाही. युरोपात अठराव्या शतकात डबी हीच राजाची ठरलेली भेट होती. वकील म्हणून आलेल्या माणसाला उघडपणे रोख रक्कम दिली तर लाच दिसते, म्हणून सोन्याची डबी द्यायची, झाकणावर राजाची छोटी तसबीर आणि भोवती हिरे, आणि हिरे किती ते घेणाऱ्याचा दर्जा बघून. घेणाऱ्यानं ती परत जवाहिऱ्याकडं नेऊन पैसे करून घेतले तरी कुणी वाईट मानत नसे, तीच डबी फिरून दरबारात यायची आणि दुसऱ्याला दिली जायची. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक तर डब्यांचा वेडा होता, हिरेजडित डब्यांचा मोठा साठा होता त्याच्याकडं, आणि १७५९ च्या कुनर्सडॉर्फच्या लढाईत खिशातल्या डबीवर गोळी अडली म्हणून तो वाचला असं सांगतात. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट इतकी तपकीर ओढायची की लोकांनी तिला तपकिरीच्याच नावानं ओळखायला सुरुवात केली होती.

आणि आपला दख्खनही ह्यात मागं नाही बरं का. अकबराच्या दरबारात तंबाखू पोचली ती विजापूरहून. असद बेग नावाचा त्याचा सरदार आदिलशाहीत वकिलीला गेला होता, १६०४ च्या आसपास परत येताना तंबाखू आणि जडावाचा हुक्का घेऊन आला, अकबरानं ओढून बघितला आणि हकिमांनी विरोध केला. म्हणजे दिल्ली आग्र्याच्या आधी तंबाखू आपल्या भागात रुळलेली होती. आमच्या लहानपणीसुद्धा बैठकीत तपकिरीची डबी फिरायची, चिमूट घेताना आधी वडीलधाऱ्यापुढं डबी धरायची ही रीत होती.

तर माझं म्हणणं असं की राजानं दिलेली डबी बहुतेक वेळा सोन्याची, तसबिरीची किंवा निदान राजचिन्हाची असते. ही चांदीची, बाजारात मिळणारी, किल्ल्याच्या चित्राची. तेव्हा राजसंबंध असलाच तर तो तळाच्या दोन ओळींत आहे, सगळा जीव तिथं लावा.

भोकरदनचा_विशाल

१३०२ हिजरी म्हणजे १८८४ ना? मग तर सरळ आहे भावा, त्याच वर्षी सहावे निजाम महबूब अली खान वयात आले म्हणून लॉर्ड रिपन स्वतः हैदराबादला आला होता आणि कारभार त्यांच्या हाती दिला, मोठा दरबार भरला होता, तेव्हाचीच भेट असणार, आजी खरं सांगायलीय, विकू नका अजिबात 🙏

दखनी_कागद

विशालभाऊ, तो दरबार ५ फेब्रुवारी १८८४ चा. ती तारीख १३०१ हिजरीत येते, १३०२ चा मोहरम म्हणजे पहिला महिना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लागला. तेव्हा त्या दरबाराशी हे जुळत नाही.

आणि त्याहून महत्त्वाचं, १३०२ हे हिजरीच आहे हे कशावरून? आपल्याकडं निजामी अमलात सरकारी कामकाज फसली सनात, म्हणजे पीक-महसुलाच्या वर्षात चालायचं. मराठवाड्यातले जुने पाहणीपत्रक, खासरा, पावत्या काढून बघा, सगळीकडं फसली सापडेल. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १३०२ फसली म्हणजे १८९२-९३. हिजरी धरलं तर १८८४-८५. दोन्हीत आठ वर्षांचा फरक पडतो आणि देणारा माणूस पण बदलू शकतो. आकड्याच्या पुढंमागं अक्षर बघा. हिजरीला बहुतेकदा ‘दोचश्मी हे’ हे अक्षर लावतात, फसलीला ‘फे’ हे अक्षर किंवा पूर्ण शब्द. भाषा फारसी का उर्दू हेही बघून घ्या, रियासतीची सरकारी भाषा १८८४ च्या सुमारास फारसीवरून उर्दू झाली.

दुसरी गोष्ट दरबाराची. निजामाच्या दरबारात रयतेनं, वतनदारानं नजर म्हणजे नजराणा द्यायचा असायचा, अशरफी आणि रुपये रुमालावर ठेवून पुढं धरायचे, म्हणजे वस्तू खालून वर जायची. वरून खाली यायचं ते खिलत म्हणजे मानाचा पोशाख, मन्सब म्हणजे दरबारी दर्जा, इनाम, जागीर, आणि त्याचा कागद व्हायचा. तुमच्या आजीचे आजेसासरे देशपांडे नाहीतर देशमुख असतील तर घरात सनद किंवा मुंतखब असणारच, इनामाची चौकशी होऊन जो सरकारी उतारा मिळायचा तो मुंतखब. डबी ज्या गाठोड्यात निघाली त्यातले कागद कुठं आहेत? ते फेकले नाहीत ना? डबीपेक्षा मला त्यांची काळजी आहे, कारण कागदाशिवाय डबी नुसती जुनी चांदी ठरते आणि कागदाबरोबर ती तुमच्या घराण्याचा पुरावा होते.

अजून एक, अक्षरं नंतर कुणी कोरली का हे भिंगातून कळतं. रोजच्या वापरातले बारीक ओरखडे अक्षरांच्या रेघांवरून आडवे गेलेले दिसले तर अक्षरं जुनी. ओरखडे अक्षरापाशी येऊन तुटत असतील, रेघेच्या कडा धारदार असतील, तर अक्षरं अलीकडची.

वस्तुसंग्रह_ताई

मी संभाजीनगरला असते, संग्रहालयातल्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. पहिल्यांदा मामींना थांबवा हो. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी, राख, काहीच नको. उठावाच्या खोलगट भागात जो काळेपणा दिसतोय त्यानंच बुरूज आणि खिडक्या उठून दिसतात, तो गेला की चित्र सपाट होतं आणि दर वेळी घासताना ठशांचा थोडा थोडा भाग जातो, कारागिराची अक्षरं तशीच गेलीत बघा. मऊ कोरड्या सुती कापडानं धूळ टिपा, बस. आतली पूड राहू द्या, ती वापराचा पुरावा आहे. ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि रबर तर अजिबात लावू नका, रबरातल्या गंधकानं चांदीवर काळी पट्टी उमटते ती निघता निघत नाही. धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. आणि पावसाळ्यात वाड्याच्या कामावर तर नकोच, बँकेत ठेवा.

कायद्याचं पण सांगते. शंभर वर्षांच्या वरची अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली येते. घरात ठेवायला कुणाची ना नाही, पण देशाबाहेर नेता येत नाही आणि असल्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडं परवाना लागतो. तेव्हा गाडी घेऊन येणाऱ्या माणसाला आधी परवाना विचारा, तिथंच निम्मं कळेल. सगळ्यात मोठा धोका हा की तो डबी घेऊन जाईल आणि गाठोडं तुमच्याकडं राहील, मग डबीचं घर कुठलं हे परत कधीच कुणाला सांगता येणार नाही. आजीचं बोलणं पण मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, मधे मधे प्रश्न विचारत, कोण कुठल्या गावाहून आलं, बरोबर कोण होतं, असं.

उदगीरचा_भाचा

सगळ्यांचे मनापासून आभार. मामीनं चिंच बाजूला ठेवलीय, ताईंची पोस्ट मी तिला वाचून दाखवली. कागद फेकले नाहीत, मामांनी पोत्यात भरून वरच्या खोलीत ठेवले होते, आता पोत्यातून काढून पेटीत ठेवलेत.

आणि मुख्य बातमी. आमच्या गावात उर्दू शाळेतले एक रिटायर गुरुजी आहेत, त्यांना तळाचा भाग दाखवला. त्यांनी डबी उन्हात तिरपी धरून एकेक अक्षर लावलं. भाषा उर्दू आहे. पहिल्या ओळीत एका जागीरदाराचं नाव आहे आणि त्यांच्याकडून यादगार म्हणून दिली असा मजकूर, दुसऱ्या ओळीत आमच्या खापरपणजोबांचं नाव, गावाचं नाव आणि १३०२, पुढं स्पष्ट फसली लिहिलंय. ओरखडे पण बघितले, ते अक्षरांवरून आडवे गेलेत. जागीरदाराचं नाव इथं टाकत नाही कारण त्यांच्या घरचे लोक अजून हैदराबादला आहेत.

म्हणजे निजाम नाही आणि राणी तर नाहीच. मोठे मामा थोडे नाराज झाले पण आजीला सांगितलं तर ती म्हणाली, हो, त्यांच्याच वाड्यावर जायचे ना आमचे आजेसासरे, हिशेब घेऊन, हैदराबादला. तिच्या लेखी जागीरदाराची देवडी हाच दरबार होता आणि सरकार म्हणजे तेच. हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. आता प्रश्न असा की डबी १८९० च्या आधीची आणि लिहिलं १८९२-९३ ला, मग मधल्या काळात कुणाकडं होती? जागीरदाराला ती दरबारातून मिळाली असेल का?

सराफ_जालना

करातलं डोकं १८९० ला बंद झालं, म्हणजे डबी त्या आधीची एवढं पक्कं. किल्ल्याच्या डब्यांची फॅशन त्याच्याही बऱ्याच आधी भरात होती, त्यामुळं दिली तेव्हा नवी नसावी. सिकंदराबादच्या छावणीमुळं विलायती माल तिकडं भरपूर यायचा, आपल्याकडं पण जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, सगळीकडं कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज साहेबांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेच्या छावण्या होत्या, साहेब बदलून गेला की त्याचं सामान लिलावात निघायचं. जागीरदारानं विकत घेतली असेल, कुणा साहेबानं त्यांना दिली असेल, दोन्ही होऊ शकतं. वर्षाच्या अक्षराचा फोटो टाका, ते काम मी करून देतो.

दखनी_कागद

फार सुंदर शोध लागला, मनापासून सांगतो. जागीरदाराकडं हिशेब ठेवणारा देशपांडे आणि त्याला वरून यादगार म्हणून दिलेली डबी, ह्यातून त्या काळचा कारभार जितका दिसतो तितका निजामाच्या नावानं दिसला नसता. निजामी रियासतीतला बराच मुलूख जागिरींतच होता आणि तिथल्या रयतेचा रोजचा संबंध जागीरदाराच्या माणसांशीच यायचा, दिवाणीशी म्हणजे निजामाच्या थेट सरकारी कारभाराशी नाही.

पुढचं काम असं करा. पेटीतल्या कागदांत १३०० ते १३०५ फसलीचे कागद वेगळे काढा, मोडीतले वेगळे, उर्दूतले वेगळे, उलगडताना घडीवर जोर देऊ नका. मोडी वाचणारे उदगीर, लातूरला मिळतील. जागीरदाराच्या घराण्याचं दफ्तर बघायचं असेल तर हैदराबादला तारनाक्याला राज्य अभिलेखागार आहे, निजामी अमलातले कागद तिथं आहेत. जाताना तीन गोष्टी लिहून न्या, गावाचं नाव तेव्हा लिहीत तसं, जागिरीचं नाव आणि फसली सन. नुसतं आडनाव सांगून तिथं काही निघत नाही. आणि तळाच्या दोन ओळींचा फोटो छापून बरोबर घ्या, डबी नेऊ नका.

उदगीरचा_भाचा

हो, मामा आणि मी दिवाळीनंतर जायचं ठरवलंय, तोवर कागद लावून घेतो. मावसभावानं त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. वर्षाच्या अक्षराचा फोटो उद्या सकाळच्या उन्हात काढून टाकतो, जालन्याच्या दादांनी जरूर बघावा.